नोंदवहीतले वय

आमच्या घरात अण्णांचा वाढदिवस वर्षातून दोनदा येतो. एकदा १ जूनला आणि एकदा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. पहिला वाढदिवस सरकारचा आणि दुसरा आजीचा. सरकारच्या वाढदिवसाला बँकेकडून, विमा कंपनीकडून आणि निवृत्त सहकाऱ्यांकडून शुभेच्छा येतात. आजीच्या वाढदिवसाला पुरणाचे दिंड असतात. आजी आता नाही. पण दिंड अजून होतात आणि अण्णा पाटावर बसून ते निमूटपणे खातात. दोन्हींपैकी आपला खरा वाढदिवस कोणता, याविषयी त्यांना स्वतःला काडीचीही शंका नाही. “खायला मिळते तो खरा,” असे ते म्हणतात.

ही कथा एकट्या अण्णांची नाही. वाचकहो, आपल्याही घरात डोकावून पाहा. आजोबा, मामा, आतेभाऊ, झालेच तर शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक, यांपैकी कोणी ना कोणी १ जूनला जन्मलेले निघेलच. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत एके काळी मुले वर्षाचे बाराही महिने जन्माला येत. पण शाळेच्या दारातून आत पाऊल टाकताना ती सगळी १ जूनची होऊन जात. शाळा जूनमध्ये उघडायची. मुलाला घेऊन आई दारात उभी राहायची. हेडगुरुजी विचारायचे, “जन्म कधीचा?” आई सांगायची, “पाऊस लई झाला होता बघा.” गुरुजींपुढे पोरांची रांग असायची. ते सहा वर्षे वजा करायचे, १ जून लिहायचे आणि म्हणायचे, “पुढचा.”

आजीच्या म्हणण्याप्रमाणे अण्णांचा जन्म गांधीबाबा गेले त्या सालच्या श्रावणातला, म्हणजे १९४८ चा. शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहिले गेले १ जून १९५०. पुढे अण्णा सरकारी कचेरीत कारकून झाले आणि हीच तारीख त्यांच्या सेवापुस्तकात जाऊन बसली. परिणाम असा झाला की, जे गृहस्थ ऑगस्ट २००६ मध्ये निवृत्त व्हायचे, ते ३१ मे २००८ पर्यंत खुर्चीवर राहिले. पावणेदोन वर्षांचा जादा पगार घरात आला. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न त्याच काळात झाले. तेव्हा गुरुजींच्या त्या एका फटकाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आमच्या कुटुंबाला मुळीच नाही. चुकीची नोंद फायद्याची असली म्हणजे मनुष्य तिला चूक म्हणत नाही, नशीब म्हणतो.

हे सगळे मी आजवर मौजेने सांगत आलो. वर्गात ‘नोंद’ या शब्दाविषयी बोलताना हा किस्सा हमखास सांगतो आणि मुले हमखास हसतात. पण २०२३ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि तेव्हापासून हा किस्सा सांगताना घशात काहीतरी अडकते. ते काय अडकते, हे यंदाच्या दिवाळीच्या पानावर आपल्यापुढे मांडावे म्हणतो. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय थोडा जड वाटेल, त्याबद्दल क्षमा असावी.

२६ ऑगस्ट १९९४ हा दिवस माझ्या वयाच्या पुणेकरांना विसरता येणार नाही. पौड रस्त्यावरच्या एका घरात त्या दिवशी पाच स्त्रिया आणि दोन मुले, अशा सात जणांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. मी तेव्हा नववीत होतो. आमच्या वाड्याचे दार दिवसभर सताड उघडे असायचे. त्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा आतून साखळी बसली. आई भाजीवालीलाही दाराच्या फटीतून पैसे द्यायची. पुढे आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा अण्णांनी सर्वांत आधी दाराला बाहेरचे पाहायचे भिंग बसवून घेतले. त्या घटनेची भीती अशी लाकडात आणि लोखंडात शिरून आमच्या घरात राहिली.

या प्रकरणी तिघांना पकडले गेले. त्यांच्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती १९९९ मध्ये कायम केली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला आणि आपापल्या कामाला लागलो. दुसऱ्या आरोपीची फाशी २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी रद्द करून त्याला जन्मठेप दिली, हे तर माझ्या ध्यानातही आले नव्हते.

त्या दोघांपैकी एकजण राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. ज्याच्या हातून गुन्हा बालवयात घडला, त्याची ओळख छापू नये असा आपल्याकडे कायद्याचा दंडक आहे आणि मला तो योग्य वाटतो. खटल्याच्या कागदांत त्याचे वय विशीतले लिहिले गेले होते. नावही त्याच्या गावच्या शाळेतल्या नावाहून निराळे लिहिले गेले होते. खटल्यात त्याच्या बालवयाचा मुद्दा कोणी काढला नाही. पुढच्या प्रत्येक न्यायालयात तेच नाव आणि तेच वय खालच्या कागदावरून वरच्या कागदावर चढत गेले. नोंदीचा हा स्वभावच आहे. एकदा लिहिली की तिची नक्कल होते, नकलेची नक्कल होते, आणि तिसऱ्या नकलेपासून लोक तिलाच पुरावा म्हणू लागतात.

इकडे गावच्या शाळेत मात्र दुसरी एक नोंद पडून होती. तिच्यात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्हा घडला त्या दिवशी त्या मुलाचे वय होते साडेबारा वर्षे.

बातमीतले हे वाक्य मी दोनदा वाचले आणि वर्तमानपत्र खाली ठेवले. साडेबारा वर्षे, म्हणजे इयत्ता सातवी. ज्याच्या धाकाने माझ्या आईने दाराला साखळी लावली, तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता.

या कैद्याने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपल्या पुनर्विलोकनाच्या जुन्या प्रकरणातच त्याने हा अर्ज दिला. गुन्ह्याच्या वेळी मी बालक होतो, तेव्हा मला दिलेली शिक्षा कायद्यात बसत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. शिक्षा कायम होऊन अठरा वर्षे उलटून गेल्यावर असे म्हणता येते काय? येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या नवव्या कलमात अशी सोय आहे की, बालवयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरसुद्धा मांडता येतो. कायद्याची पुस्तके रुक्ष असतात असे आपण म्हणतो. पण हे एक कलम करणाऱ्यांनी माणसाच्या चुकांचा फार दूरवर विचार केला होता असे मला वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले. प्रश्न दोन होते. शाळेच्या नोंदीतला मुलगा आणि तुरुंगातला हा माणूस एकच काय? आणि एकच असेल, तर त्याचे खरे वय कोणते? चौकशीचा अहवाल कैद्याच्या बाजूने गेला. सरकारपक्षाने हरकत घेतली. त्यांतला एक मुद्दा असा होता की, बारा वर्षांचा मुलगा इतके भीषण कृत्य करूच कसे शकेल? या गोष्टीने आम्हालाही धक्का बसतो, पण असल्या तर्कावर निर्णय देता येणार नाही, अशा अर्थाचे उत्तर न्यायालयाने दिले. २७ मार्च २०२३ रोजी निकाल लागला. तो मनुष्य गुन्ह्याच्या वेळी बालक होता, बालकाला अशा गुन्ह्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेवता येत नाही, आणि त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आहे. सबब त्याला ताबडतोब सोडावे. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दारातून तो बाहेर पडला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्यांतली पंचवीस वर्षे त्याने फाशीच्या छायेत काढली होती.

हे वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या सात जणांचा. त्यांच्या घरच्या माणसांनी ही बातमी कशी वाचली असेल? त्यांना काय सांगायचे? नोंद चुकली होती, एवढेच? मी पुष्कळ दिवस या प्रश्नाभोवती घुटमळलो. शेवटी मला असे वाटू लागले की, त्या चुकीच्या नोंदीने त्यांचेही नुकसान केले. १९९४ मध्येच खरे वय लिहिले गेले असते, तर समाजाला त्याच वेळी एक अवघड प्रश्न विचारावा लागला असता. साडेबारा वर्षांचे पोर आपल्या गावापासून इतक्या दूर, अशा संगतीत, अशा कृत्यापर्यंत आले कसे? विशीतला आरोपी लिहिला गेल्याने हा प्रश्न आपोआप मिटला. त्या कुटुंबाला उत्तर मिळाले, पण ते अर्धेच आणि तेही पुढे न टिकणारे.

इथे एखादा चिकित्सक वाचक मला अडवील. म्हणेल, “अहो, आत्ताच तर तुम्ही शाळेच्या नोंदीची टिंगल केलीत. गुरुजी १ जून ठोकून देतात म्हणालात. मग त्याच शाळेच्या कागदावर न्यायालयाने विश्वास ठेवला, ते कसे?” प्रश्न रास्त आहे. कायद्याने वय ठरवण्याचा क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा किंवा दहावीच्या परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच डॉक्टरांकडून हाडांची तपासणी. शाळेची नोंद कधी चुकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण ती लिहिली जाते तेव्हा पुढे कधी खटला होईल हे कोणाच्या स्वप्नातही नसते. ती आळसाने चुकेल, घाईने चुकेल. पण खटला जिंकण्यासाठी चुकणार नाही. आमच्या गुरुजींनी अण्णांना पावणेदोन वर्षे बहाल केली ती काही बहिणीच्या लग्नासाठी नव्हे.

नोंद आणि माणूस यांचे भांडण आपल्या न्यायालयांना नवे नाही. बिहारमधील रुदुल शाह या कैद्याचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. सत्र न्यायालयाने त्याला जून १९६८ मध्ये निर्दोष सोडले. मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून तो प्रत्यक्ष बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधल्या चौदा वर्षांचे कारण विचारले तेव्हा सरकारने सांगितले की, सुटकेच्या वेळी तो वेडा होता. वेडा कोणी ठरवला, कशावरून ठरवला, त्याच्यावर काय उपचार केले, याचा काही तपशील प्रतिज्ञापत्रात नव्हता. वेडा एवढा शब्द पुरला. पुण्याच्या विधी महाविद्यालयात शिकलेले यशवंत विष्णु चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांच्या पीठाने १९८३ मध्ये बिहार सरकारला आधीच्या पाच हजारांखेरीज आणखी तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. एका चुकीच्या शब्दाची किंमत सरकारी तिजोरीतून वसूल होऊ शकते, हे त्या निकालाने देशाला शिकवले. चौदा वर्षे मात्र कोणत्याच तिजोरीत नव्हती.

आता माझ्या घशात काय अडकते ते सांगतो.

मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो तिथे काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. एक मुलगी अर्ज घेऊन आली. दूरच्या तालुक्यातली, वडील ऊसतोडीला जाणारे. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. घरी ज्या नावाने हाक मारत ते शाळेत लागले होते आणि खरे नाव कार्डावर. मी अर्ज परत केला. “आधी नाव दुरुस्त करून आण,” म्हणालो.

ती म्हणाली, “सर, कुठून आणू?”

मी सांगितले, “शाळेतून. नाहीतर शपथपत्र कर, राजपत्रात छापून घे.” जणू राजपत्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळते.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “सर, मी तर तुमच्यासमोर उभी आहे. वडिलांना फोन लावू का? ते सांगतील तुम्हाला.”

मी हसलो. चांगल्या मनाने हसलो, असे मला तेव्हा वाटले. म्हणालो, “बाळ, तुझ्या वडिलांच्या सांगण्यावर शिष्यवृत्ती मिळत नाही. पुढचा कोण आहे?”

ती पुन्हा आली तेव्हा अर्जाची मुदत संपून दोन आठवडे झाले होते. तिच्या हातात शपथपत्र होते, त्यावर नोटरीचा लाल शिक्का होता. दुसऱ्या सत्रात वर्गात तिची जागा रिकामी दिसू लागली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मीच गैरहजेरीच्या खुणा करत गेलो आणि वर्षाच्या शेवटी तांबड्या शाईने नाव कमी केले. ती नोंद मात्र अगदी अचूक होती.

मी नियमाबाहेर काहीच केले नव्हते. कदाचित ज्याने त्या पोराचे वय विशीतले लिहिले, त्यानेही नियमाबाहेर काही केले नसेल. ‘वय’ असा रकाना होता, तो भरायचा होता, रांग मोठी होती. त्या बातमीनंतर मला ती मुलगी आठवली आणि ‘पुढचा’ हा शब्द आठवला. आमच्या हेडगुरुजींनी तोच उच्चारला आणि माझ्या घरात पैसे आले. मी उच्चारला आणि एका मुलीचे शिक्षण थांबले. शब्द तोच, फक्त समोर उभे राहणारे माणूस निराळे. मुदतीला दोन आठवडे बाकी असताना मी प्राचार्यांकडे जाऊ शकलो असतो. कार्यालयातल्या कारकुनाला विचारू शकलो असतो. नाही म्हणायचे झाले तरी निदान तिच्या वडिलांचा फोन घेऊ शकलो असतो.

यापुढे कागदाचे वजन कमी होणार नाही, वाढणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात जन्मनोंदणीची नवी दुरुस्ती लागू झाली आहे. त्या दिवसापासून जन्मणाऱ्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेसाठी एकच जन्मदाखला लागेल. अण्णांच्या पिढीतल्या त्या १ जूनच्या जमातीचा वंश आता खुंटेल. ही गोष्ट चांगलीच आहे. पण जिथे एकच कागद असतो तिथे त्याला खोडून काढणारा दुसरा कागदही सहजी सापडत नाही. बिकानेरकडच्या त्या मुलाच्या नशिबाने दुसरी नोंद उरली होती. चुकीचा कागदही सरकारी होता आणि बरोबर कागदही सरकारी होता. दोघांची गाठ पडायला मात्र पाव शतक लागले, कारण ती घालून देणे हे कोणाचेच काम नव्हते.

अण्णांना मी हे सगळे वाचून दाखवले. ते जन्मभर नोंदी करत आलेले गृहस्थ. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्ही नवीन होतो तेव्हा आमचे हेडक्लार्क सांगायचे, लिहून झाले की समोरच्याला वाचून दाखवा. पुढे कामे वाढली, ते राहूनच गेले.”

यंदा जुलैपासून मी पुन्हा प्रवेशाच्या टेबलावर बसतो आहे. मागून घेतले म्हणा ना. अर्ज भरून झाला की मुलाला तो मोठ्याने वाचून दाखवतो. वेळ जातो. रांगेतली मुले कंटाळतात. सहकारी म्हणतात, सरांना वर्गात व्याख्यान पुरत नाही वाटते. पण पहिल्याच आठवड्यात तीन नावे, एक जन्मतारीख आणि एका मुलाच्या आईचे नाव दुरुस्त झाले. ती मुलगी कुठे आहे याचा शोध तिच्या मैत्रिणींमार्फत चालू आहे. अजून लागलेला नाही.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत कपाटे रिकामी होतील, तेव्हा कागदपत्रांची ती जुनी पिशवीही एकदा खाली काढा. मुलांची, म्हाताऱ्या माणसांची, घरी कामाला येणाऱ्या बाईंचीसुद्धा नावे आणि तारखा ताडून पाहा. आणि आपल्यापैकी जे कोणी कुठल्या टेबलामागे बसून रकाने भरत असतील, त्यांनी रांग कितीही मोठी असली तरी लिहिलेले एकदा समोरच्याला वाचून दाखवावे.

दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो. अण्णांचे दोन्ही वाढदिवस पुढल्या वर्षीही होतील, दिंडांना यावे.